दशावतारची नवी कॅसेट

दिग्या, आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. त्या गुरुवारी वॉर्डात तू मला विचारलंस, दशावतारची नवीन कॅसेट आली का, आणि मी म्हणालो, अजून नाही. ती आली होती. सोमवारी मी ती दादरच्या दुकानातून घेतली होती, मंगळवारी घरी एकट्याने ऐकली होती, आणि तुझ्याशी बोलत होतो तेव्हा ती माझ्या पिशवीत मोसंब्यांच्या खाली होती. पुढच्या बुधवारी तू गेलास. म्हणजे दशावतारबद्दल मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

तुझ्या तेराव्याला लोकांनी तुझ्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं. तू कामाला वाघ होतास, तू कुणाच्या अध्यात नव्हतास ना मध्यात, तुझ्या तोंडून कधी कुणाला उणा शब्द गेला नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि विचार करत होतो की हा कुठला माणूस गेला, याला मी कधी भेटलोच नाही. मला माहीत असलेला दिगंबर तर दुसऱ्याच्या पानातलं माशाचं कालवण चाखून त्यात कोकम कमी पडलंय म्हणून सांगणारा. उणा शब्द हेच तर तुझं मुख्य खाणं होतं. तिथे कुणी दशावतारचं नाव काढलं नाही, कारण ते माझ्याखेरीज कुणाला माहीतच नव्हतं. मी उठून काही बोललो असतो तर लोकांना कोकणातली, रात्रभर चालणारी ती देवादिकांची नाटकं आठवली असती. त्यात त्यांची चूक नाही. तुझ्या तात्यांचीही हीच चूक झाली होती.

गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन-चार महिने झाले होते. आपण तेव्हा अठरा वर्षांचे. लालबागच्या आपल्या चाळीत भर दुपारी बापमाणसं घरात दिसतात, हीच गोष्ट आपल्याला नवीन होती. तुझे तात्या आणि माझे अण्णा एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणत वीस वर्षं उभे राहिलेले. आता दोघं गॅलरीत शेजारशेजारी उभे राहायचे. तात्यांना वेळ जाईना. गावच्या दशावतारी मंडळीचं अख्खं नाटक भायखळ्याच्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे आहे, असं त्यांच्या कानावर आलं. कोरी कॅसेट नेऊन दिली की तो हवं ते त्यात भरून द्यायचा. तात्यांनी तुला पिटाळलं, तू मला बरोबर घेतलंस, आणि आठ दिवसांनी आपण भरलेली कॅसेट घेऊन आलो. तिच्यावर बॉलपेनने 'दशावतार' असं लिहिलेलं होतं.

नाटकाच्या सुरुवातीला गणपती येतो म्हणून तात्यांनी परत एकदा आंघोळ केली. टेपला उदबत्ती ओवाळली. मग हात जोडून, डोळे मिटून मांडी घालून बसले आणि तू बटण दाबलंस. आधी ढोल वाजला. तात्या मान डोलावून म्हणाले, "पखवाज जरा जोरात आसा." मग गिटार किंचाळली. तरी तात्यांचे हात जोडलेलेच. आता गणपती येईल, मग येईल, या आशेवर त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकून घेतलं. दुसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे उघडून तुझ्याकडे असं काही बघितलं की आपण दोघं जिन्यावरून धावत खाली आलो. कॅसेटची अदलाबदल होऊन तिकडे भायखळ्यात कुणा पोराच्या घरी त्याच वेळी नाटकातला संकासूर राक्षस नाचत असेल, या विचाराने आपण महिनाभर हसत होतो.

तात्यांनी कॅसेट परत करायला सांगितली. तू त्यांना सांगितलंस की दुकानवाला गोव्याला गेलाय. तो बिचारा तुझ्या कृपेने पावसाळा संपेपर्यंत गोव्यालाच होता. तोवर ती कॅसेट आपण इतक्या वेळा ऐकली होती की एका जागी फीत पातळ होऊन आवाज लडखडायचा आणि आपल्याला ते गाणं तसंच आवडायला लागलं होतं. त्या बँडचं खरं नाव आपल्याला दीड वर्षाने कळलं, धोबी तलावाच्या एका दुकानात काचेमागे तबकडीचं कव्हर दिसलं तेव्हा. पण ते नाव आपण वापरलं नाही, आपल्यासाठी तो बँड दशावतारच. तो काळे कपडे घालून स्टेजभर उड्या मारणारा गायक आपला संकासूर, आणि दशावतारात बाईचं काम पुरुषच करतात म्हणून तो लांब केसांचा गिटारवाला आपली राणी. इंग्लंडमधल्या त्या माणसांना ही बढती कधी कळली नाही.

चाळीत मोठ्याने टेप लावायची सोय नव्हती. दुपारी पाणी संपून तुमचं पिंप रिकामं व्हायचं. त्यात टेप ठेवायचा, आणि दोघांनी वरून डोकी आत घालायची, ही शक्कल तुझी. बाहेर फार आवाज जायचा नाही आणि आत ढोल असा घुमायचा की छातीत वाजायचा. तिथेच तू कायदा केलास. नवीन कॅसेट एकट्याने ऐकायची नाही. दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. मग डोकी बाहेर काढायची आणि प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, मनात आलेलं पहिलं. ते नंतर बदलायचं नाही. मी एकदा विचारलं की बदललं तर काय बिघडलं. तू म्हणालास, पहिलं मत तेच मत, नंतरच्या त्या वाटाघाटी. त्या वर्षी चाळीतली लहान पोरंसुद्धा वाटाघाटी हा शब्द तोंड वाकडं करून म्हणायची.

दुसऱ्या वर्षी माझे अण्णा कामावर गेले.

हे वाक्य मी आजवर कधी लिहिलं नव्हतं, तुझ्यासमोर बोललोही नव्हतो. आपल्यात ते बोलायची पद्धतच नव्हती. संप मिटलेला नसताना अण्णा डबा कापडी पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र ठेवून मिलच्या गेटातून आत गेले. आईशी नळावर बायका बोलेनाशा झाल्या. तुमचं दार दिवसा कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं, ते लागायला लागलं. तात्या अण्णांशी भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त गॅलरीत आपली उभं राहायची जागा बदलून जिन्याच्या टोकाला उभे राहायला लागले. पुढे ते गावी निघून गेले, तू कॉलेज सोडून शिवडीच्या गोदामात माल उतरवायला लागलास, आणि मी अण्णांच्या पगारावर शिकत राहिलो. तरी रविवारी दुपारी मी तुमच्या दारावर टकटक करायचो आणि तू दार उघडायचास. तेवढ्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. त्या वर्षी आमच्यासाठी दार उघडणारा मजल्यावर दुसरा कुणी नव्हता.

मग तिसरी कॅसेट आली. तिच्यात ढोल कमी, कीबोर्ड फार, आणि संकासूर एकदम गोडगोड गायला लागलेला. दोन्ही बाजू संपल्या. आपण पिंपातून डोकी बाहेर काढली. तू घाम पुसलास आणि तुझं एक वाक्य बोललास.

"गेटात शिरले."

मी म्हणालो, "पोटं असतात रे लोकांना."

"मी बँडबद्दल बोलतोय."

"मीपण बँडबद्दलच बोलतोय."

त्यानंतर दीड महिना आपण बोललो नाही. दीड महिन्याने तू आलास तो काही झालंच नाही असा, गोदामातल्या एका मुकादमाची नक्कल करत. माफी मागितली नाहीस. मीही मागितली नाही. पण ते वाक्य मात्र तुझ्या तोंडी कायमचं बसलं. एखाद्या फलंदाजाने फटके मारायचे सोडून पाय रोवला की तो गेटात शिरला. कोपऱ्यावरच्या इराण्याने डोसा ठेवला, इराणी गेटात शिरला. माझं लग्न ठरल्यावर मी मिशी काढली, वश्या गेटात शिरला. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि दरवेळी मला पिशवीवरचं ते वर्तमानपत्र दिसायचं. तुला हे कळत होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. कळत असून म्हणत असशील तर तू दुष्ट होतास. कळत नसेल तर मी पंधरा वर्षं एका मठ्ठ माणसाबरोबर डोकं एका पिंपात घालून बसलो. यातलं कुठलं बरं, तूच सांग.

शेवटी झालं काय, तर अण्णांची मिलही बंदच पडली. बाहेर राहिलेले तात्या आणि आत गेलेले अण्णा, दोघंही सारखेच बाहेर. तात्या गावी वारले. अण्णा एका बिल्डिंगवर वॉचमन झाले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांना तू लालबागपासून भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत खांदा दिलास, मध्ये कुणाला बदलू दिला नाहीस. परत येताना आपण चहाला थांबलो. तू म्हणालास, "अण्णांचं कसं होतं ना वश्या..." आणि तेवढ्यात पोऱ्याने चहा आणून आदळला, तू त्याला बशी फुटकी का दिलीस म्हणून झापलंस, आणि ते वाक्य तिथेच राहिलं. मी पुढे कितीतरी वर्षं त्या वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट बघितली. विचारलं नाही. विचारल्यावर तू जे बोलला असतास ते वाटाघाटीतलं झालं असतं.

तरी सुखाचे दिवसही बरेच होते. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सुनंदा वहिनी दुपारच्या झोपेतून उठल्या आणि बघतात तर नवरा आणि नवऱ्याचा मित्र पिंपात डोकं घालून उभे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या शांतपणे माझ्या आईकडे गेल्या आणि विचारलं की यांच्याकडे हे पूर्वीपासून आहे का. आई म्हणाली, आहे, पण मारकं नाही. तू गोदामात मुकादम झालास, मी काळाचौकीच्या छापखान्यात लागलो, आणि दशावतारच्या आणखी तीन कॅसेट आल्या. तिन्ही आपण कायद्याप्रमाणे ऐकल्या. मग त्या लोकांचं आपसात भांडण झालं आणि बँड मोडला. त्या रविवारी आपण पिंपाजवळ नुसतेच बसलो होतो. तू म्हणालास की मोडले ते बरं झालं, निदान गेटात तरी शिरले नाहीत.

आणि आता इतक्या वर्षांनी ते परत एकत्र आले, नवीन कॅसेट काढणार म्हणून पेपरात चार ओळी आल्या, तेव्हा तुझ्या छातीचं दुखणं इतकं पुढे गेलेलं होतं की तू परळच्या त्या वॉर्डात दोन उशा पाठीशी घेतल्याशिवाय बसू शकत नव्हतास. मी कात्रण आणून दाखवलं. तू ते दोनदा वाचलंस. म्हणालास, संकासूर आता आजोबा झाला असेल. पण ते कात्रण तू परत दिलं नाहीस, उशीखाली सरकवलंस.

मी कायदा का मोडला, ते सांगतो. कॅसेट हातात आली तेव्हा माझ्या मनात होतं की ती तशीच, प्लास्टिकसुद्धा न काढता घेऊन यायची, कुणाचातरी वॉकमन आणायचा, एक कान तुला आणि एक मला. सोमवारची रात्र मी ती कपाटात ठेवून काढली. मंगळवारी बायको माहेरी गेली होती, घरात कुणी नव्हतं, आणि मला भीती वाटली. तुझ्याजवळ बसून ऐकताना ती वाईट निघाली तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल, असं वाटलं. म्हणून आधी एकदा चाखून बघावी म्हणून लावली. आजाऱ्याला द्यायचं औषध आधी आपण जिभेवर ठेवून बघावं, तेवढाच माझा हेतू होता.

पहिलं गाणं ढोलाने सुरू झालं. नुसता ढोल, बाकी काही नाही, अगदी तात्या मान डोलावून बसले होते तसा. अर्धा मिनिट मला वाटलं की सगळं परत आलं. मग संकासूर गायला लागला. दिग्या, त्याचा आवाज गेलाय. जिथे तो पूर्वी वर चढायचा आणि आपण पिंपाची कड घट्ट धरायचो, तिथे तो आता खालूनच निघून जातो आणि वरची जागा भरायला तीन-चार बायका ठेवल्यात. दुसरं गाणं रिक्षात वाजणाऱ्या कुठल्याही गाण्यासारखं. तिसरं तर आपल्या पहिल्या कॅसेटमधलंच, तात्यांनी हात जोडून ऐकलेलं, ते व्हायोलिन घालून संथ करून परत गायलंय. लग्नाच्या हॉलमध्ये जेवताना लावायला बरं. चौथं काय होतं ते लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या बाजूला राणीची गिटार एकदाच मोकळी सुटली, आणि आता रंगणार म्हणेतो संपली. पैसे मिळणार म्हणून चार जुने लोक एका खोलीत आलेत, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता आपापलं काम उरकून निघून गेलेत, असं मला ऐकताना वाटलं.

टेप खट् करून बंद पडला आणि माझ्या मनात एक वाक्य आलं. माझं पहिलं मत. ते तुझंच वाक्य होतं, तेच दोन शब्द, ज्यांचा मी पंधरा वर्षं राग केला. मी एकटा खोलीत बसून ते म्हणालो, आणि मला माझीच शिसारी आली. अण्णांचा मुलगा मी. संकासूर म्हातारा झालाय, त्याला घर चालवायचं असेल, त्याच्या घरीही कुणी डबा भरून देत असेल. हे सगळं मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं आणि सांगता आलं नव्हतं. आणि आता तेच माझ्या तोंडात.

म्हणून मी मोसंब्यांखालची कॅसेट बाहेर काढली नाही. काढली असती तर आपण ऐकली असती, आणि कायद्याप्रमाणे दोघांना एकेक वाक्य बोलावं लागलं असतं. तुला धाप लागत होती. तुला दिवसाला मोजून काही वाक्यं बोलता येत होती, त्यातलं एक हे असावं, हे मला सोसलं नसतं. मला ते तुझ्या तोंडून शेवटचं म्हणून ऐकायचं नव्हतं. मी तुला जपत होतो असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी स्वतःला जपत होतो. मी म्हणालो, "अजून नाही आली. दुकानवाला म्हणतो पुढच्या महिन्यात."

तू माझ्याकडे बघितलंस. जरा जास्तच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "मग थांबतो."

मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं की आज दिग्याची तब्येत बरी वाटली, थांबतो म्हणाला.

काल वहिनींनी मला बोलावून घेतलं. तुझी हॉस्पिटलची पिशवी त्यांनी इतके दिवस उघडली नव्हती. त्यात तुझा चष्मा होता, टॉवेल होता, ते पेपरातलं कात्रण होतं, वरच्या मजल्यावरून मागून आणलेला वॉकमन होता, आणि वॉकमनमध्ये ती कॅसेट होती. दशावतारची, नवीन. मला आधी वाटलं, ही माझीच, मी कधी विसरलो. मग मी वहिनींना विचारलं की ही कुठून आली. त्या म्हणाल्या की त्यांनीच आणली, तुझी चिठ्ठी घेऊन दादरला जाऊन. शनिवारी.

शनिवार म्हणजे माझ्या सोमवारच्या आधीचा.

मी वॉकमन हातात घेऊन त्याचं झाकण उघडत-लावत राहिलो. वहिनींना वाटलं मी रागावलो. त्या घाईघाईने म्हणाल्या, "त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, वश्याला सांगू नको. एकट्याने ऐकली हे कळलं तर जन्मभर बोलून दाखवील."

दिग्या, म्हणजे गुरुवारी तुला माहीत होतं. कॅसेट आल्याला पाच दिवस झाले होते, ती तुझ्या उशाशी होती, आणि मी समोर बसून तुला दुकानवाल्याच्या थापा सांगत होतो. भायखळ्याच्या दुकानवाल्याला तू गोव्याला पाठवलंस, त्याच्यावरचा हा माझा उतारा तू निमूट ऐकून घेतलास. पण मग तू मला विचारलंसच का? माझ्याकडे येणारच हे तुला माहीत होतं, म्हणून? मी आणीन, आपण परत ऐकू, तू पहिल्यांदाच ऐकतोयस असं नाटक करशील आणि तुझं वाक्य बोलशील, असं ठरवून बसला होतास का? आणि मी नाही म्हणाल्यावर तुला काय वाटलं? याला आता माझ्याबरोबर ऐकायचंही नाही, असं वाटलं का? मरणाऱ्या माणसाजवळ बसून गाणी कुठे ऐकायची म्हणून याने अंग काढून घेतलं, असं वाटलं असेल तर त्याचं उत्तर द्यायला मला आता जागा नाही. तुला सहा दिवस मिळाले होते, तेवढ्यात मी रोज येत होतो, रोज मोसंबी सोलून देत होतो, आणि एकाही दिवशी खरं बोललो नाही. तूही बोलला नाहीस. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून आपण दोघांनी तोंड शिवून घेतलं, तिची सवय आपल्याला शेवटी अशी नडली.

मी वहिनींना विचारलं की ऐकून तू काय म्हणालास. हे मला कळायलाच हवं होतं. एकच वाक्य, वाईटात वाईट असलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, काही म्हणाले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. पायाचा अंगठा हलत होता, पण तो तसा हल्ली सारखाच हलायचा. मग मध्येच त्यांनी हाताने खूण करून बंद करायला लावलं, आणि पुन्हा लावायला सांगितलं नाही.

मध्येच म्हणजे कुठे, ते कॅसेटमध्येच होतं. फीत जिथे थांबवली तिथेच थांबलेली असते. मी ती वॉकमनमधून तशीच काढली, तुमच्या टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. चौथं गाणं. जे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं ते. मला आता आठवलं की मी त्या गाण्याला पाणी प्यायला उठलो होतो. त्यात ढोल नाही, बायका नाहीत. राणीची एकच तार हळू वाजते आणि संकासूर गात नाही, बोलल्यासारखं बोलतो. तू थांबवलंस ते त्याच्या एका ओळीच्या मध्येच. आवडलं नाही म्हणून थांबवलंस, की धाप लागली, की नर्स आली, की ते गाणं इतकं चांगलं होतं की तेवढ्यावर तुझं भागलं, यातलं काहीही मला कधी कळणार नाही. ज्याला विचारायचं तो एकच होता.

मी फीत मागे नेऊन ते गाणं पहिल्यापासून लावलं. वहिनी जमिनीवर बसून ऐकत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी दशावतार नीट ऐकला तो काल पहिल्यांदा. तू थांबवलंस त्या जागी गाणं आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं.

"भावोजी, शेवटचं तेवढंच ऐकलं त्यांनी. काय म्हणतो हो तो?"

आता तुझ्याशी तरी खोटं कशाला. आपण म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली पोरं. पंधरा वर्षं आपण ती गाणी तोंडपाठ म्हटली ती नुसत्या आवाजावर. मधला एखादा शब्द ओळखीचा लागायचा, बाकी सगळं आपण अंदाजाने ढकलायचो, आणि तू मोठ्याने ढकलायचास म्हणून तुझं बरोबर असेल असं मी धरून चालायचो. छापखान्यात इतकी वर्षं इंग्रजी खिळे जुळवूनही काल त्या माणसाचं एक वाक्य मला धड लागलं नाही. मी कान टेपला लावला, तरी नाही. मी वहिनींना सांगितलं की मला नाही समजत.

त्यांनी टेपकडे बघितलं.

"ह्यांना समजायचं?"

"त्याला सगळं समजायचं," मी म्हणालो.

"मग बरं," वहिनी म्हणाल्या.